पाणी गेले कधी?

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘गर्भिणी-जीए२’ ही बातमी देशभरच्या विज्ञानपानांवर झळकली. मद्रासची आयआयटी आणि फरीदाबादची ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट यांनी मिळून, भारतीय गरोदर स्त्रियांच्या सोनोग्राफीच्या नोंदींवरून, दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीतील गर्भाचे वय ठरवणारे प्रारूप तयार केले होते. इथल्या यंत्रांत तोवर पाश्चात्त्य स्त्रियांच्या नोंदींवर बेतलेली सूत्रे चालत आली होती. काम मोलाचे होते, यात शंका नाही. पण बातमी वाचली गेली ती ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ आणि ‘स्वदेशी’ या दोन शब्दांसाठी. गर्भाचे वय आठवड्याने चुकले तर प्रसूतिकक्षात नेमके काय बिघडते, हा प्रश्न मथळ्यांत बसत नव्हता. म्हणून तो कोणी विचारलाही नाही.

त्या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उत्तर एका अगदी जुन्या आणि घरगुती समजल्या जाणाऱ्या घटनेत मिळते. कळा सुरू होण्याआधीच पाणमोट फुटते. दिवस पूर्ण भरलेल्या गरोदरपणांत शंभरातील साधारण आठ जणींना हा अनुभव येतो. सदतिसावा आठवडा पुरा होण्याआधी तो शंभरातील दोन-तीन जणींना येतो आणि अकाली जन्मांपैकी सुमारे एक तृतीयांश जन्म त्याच्याशी जोडलेले असतात. हे प्रमाण बहुतांशी परदेशी अभ्यासांतले आहे. तरीही ते भारतातील वर्षाकाठच्या सव्वादोन-अडीच कोटी जन्मांना लावून पाहिले, तर दरसाल वीस लाखांच्या आसपास घरांत कोणीतरी कोणालातरी विचारत असते: पाणी गेले, आता काय करायचे? या प्रश्नाला विज्ञानाचा प्रश्न मानायचे नाही, तो बायकांच्या कुजबुजीवर सोपवायचा, ही आपल्या विज्ञानवाचनाची जुनी खोड आहे, आणि तिची किंमत तिसऱ्याच कोणाला मोजावी लागते.

आधी वयाचा मुद्दा. पाणमोट फुटली तेव्हा सदतीस आठवडे पुरे झाले असतील, तर फार काळ वाट पाहू नये आणि कळा सुरू करून द्याव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तेच पाणी चौतीस ते सदतीस आठवड्यांच्या दरम्यान गेले आणि संसर्गाची वा बाळाच्या त्रासाची चिन्हे नसतील, तर निर्णय उलटतो. ११ देशांतील १,८३९ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पीप्रॉम्ट’ चाचणीत तातडीने प्रसूती घडवलेल्या बाळांना श्वसनाचा त्रास अधिक झाला. देखरेखीखाली थांबलेल्या मातांच्या बाळांचे अधिक बरे चालले. चौतीस आठवड्यांच्या आत पाणी गेले, तर बाळाची फुप्फुसे पिकवणारी स्टेरॉइडची इंजेक्शने आणि एरिथ्रोमायसिन यांचा विचार येतो. एकच घटना, तीन वये, तीन निरनिराळी उत्तरे. ज्या स्त्रीच्या गर्भाचे वय एका आठवड्याने चुकीचे नोंदले गेले आहे, तिला ‘थांबा’ऐवजी ‘आत्ताच’ किंवा ‘आत्ताच’ऐवजी ‘थांबा’ असे सांगितले जाऊ शकते. ‘गर्भिणी-जीए२’चे महत्त्व या ठिकाणी आहे.

चुकीच्या वयावर योग्य औषध दिल्यास काय होते, याचा धडा भारताने स्वतः भाग घेऊन शिकलेला आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ॲक्ट’ चाचणीत सहा देशांतील ठिकाणे होती, त्यांत नागपूर आणि बेळगावही होते. गावपातळीवर, सोनोग्राफीच्या पक्क्या आधाराशिवाय, अकाली प्रसूतीची शंका आली की स्टेरॉइड द्यायचे, असा तो प्रयोग होता. ज्या बाळांसाठी औषध होते त्यांचे मृत्यू घटले नाहीत. एकूण नवजात मृत्यू मात्र वाढले आणि मातांमधील संसर्गाची शंकाही वाढली. औषध मिळालेल्या बहुसंख्य मातांची बाळे अपेक्षेइतकी लहान नव्हतीच. मग २०२० मध्ये ‘ॲक्शन-१’ चाचणी आली. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत, सोनोग्राफीने वय ठरवून, संसर्ग नाही हे पाहून तेच डेक्सामेथासोन दिले गेले, आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. काही रुपयांचे एकच औषध एका परिस्थितीत मारक ठरते आणि दुसरीत तारक. विज्ञानपानांवर अशा दोन चाचण्या शेजारी ठेवून वाचल्या गेल्या असत्या, तर ‘विज्ञान आधी एक सांगते, मग दुसरेच’ या आवडत्या तक्रारीतला पोकळपणा विद्यार्थ्यांना सहज दिसला असता.

आता दुसरी राशी, वेळ. भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते की आरंभीची स्थिती माहीत नसेल तर समीकरण कितीही सुंदर असले तरी ते पुढचे काही सांगू शकत नाही. भारतीय प्रसूतिकक्षांत वापरल्या जाणाऱ्या सुरक्षित प्रसूतीच्या तपासणी-यादीत आईला प्रतिजैविके द्यायची की नाही, हे ठरवणारी एक कसोटी अशी आहे: पाणमोट फुटून कळांविना बारा तास, किंवा कळांसह अठरा तास उलटले आहेत का? ही कसोटी लावायची तर शून्य वेळ हवी. ती वेळ डॉक्टरला ठाऊक नसते, परिचारिकेला नसते, कोणत्याही यंत्राला नसते. ती फक्त त्या स्त्रीला ठाऊक असू शकते, तेही तिला आधी कोणी सांगून ठेवले असेल तर. अन्यथा उत्तर येते, ‘सकाळपासून जातंय थोडं थोडं’, आणि यादीतला रकाना अंदाजाने भरला जातो.

तिला आपोआप का कळत नाही, याचे कारण ऊतींच्या रचनेत आहे. बाळाला वेढणाऱ्या दोन पडद्यांपैकी आतला पडदा, उल्ब, जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीचा असतो. वेष्टनाची ताणशक्ती मुख्यतः त्याच्या कोलॅजेनच्या जाळीत असते. दिवस भरत येतात तसे काही विकरे हे जाळे सैल करत जातात, विशेषतः गर्भाशयमुखाच्या वरच्या भागात. पडद्यांना मज्जातंतू नसतात. म्हणून ते फाटताना दुखत नाही. चित्रपटांत दाखवतात तसा लोंढा दरवेळी येतोच असे नाही. चीर वरच्या बाजूला असेल तर केवळ ओल झिरपत राहते आणि ती लघवी वाटते, किंवा पांढरे पाणी वाटते. मराठीत तर ‘अंगावरून जाणे’ हा एकच वाक्प्रचार श्वेतस्रावालाही चालतो आणि रक्तस्रावालाही, आणि ‘पाणी कमी झाले’ हे सोनोग्राफीच्या अहवालातल्या गर्भजलाच्या प्रमाणाविषयीही बोलले जाते. आशा कार्यकर्तीला फोनवर ‘अंगावरून पाणी जातंय’ असे ऐकू आले, तर तिने चार निरनिराळ्या गोष्टींतली कोणती समजावी?

ओळखण्याच्या पद्धती साध्या आहेत आणि त्यांतली एक तर नितांत देखणी. योनीतील स्राव आम्लधर्मी असतो, गर्भजल किंचित अल्कधर्मी. त्यामुळे शाळेतल्या लिटमससारखा रंग बदलणारा कागद इथेही कामी येतो. रक्त, वीर्य किंवा जंतुसंसर्ग असेल तर तो फसवतो, हे लक्षात ठेवून. दुसरी पद्धत म्हणजे काचपट्टीवर थेंब वाळू देणे. त्यातल्या क्षारांचे स्फटिक प्रथिनांच्या सान्निध्यात नेच्याच्या पानासारखे फांद्या फोडत वाढतात. हिमकणांच्या फांद्यांचे गणित ज्यांनी वाचले आहे त्यांना ही आकृती पाहताच ओळखीची वाटेल. निर्जंतुक स्पेक्युलम लावून पाणी प्रत्यक्ष साचलेले दिसणे, ही मात्र अजूनही पहिली आणि सर्वांत भरवशाची खूण आहे.

याच भौतिकीने एक जुना समजही निकालात निघतो. ‘पाणी गेले, आता कोरडी प्रसूती, बाळ आत सुकेल’ हे वाक्य उत्तर भारतापासून कोकणापर्यंत ऐकू येते, आणि ते केवळ आजीबाईच उच्चारतात असेही नाही. गर्भजल ही एकदा भरून ठेवलेली घागर नव्हे. शेवटच्या आठवड्यांत बाळाच्या लघवीतून दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक द्रव तयार होत असतो. पाणी जात राहते तसे नवे येतही राहते. धोका कोरडेपणाचा नसून उघड्या वाटेचा आहे. जंतूंना वर चढायला वाट मिळते, आणि बाळाचे डोके अजून खाली बसलेले नसेल तर नाळ खाली घसरू शकते. चुकीच्या धोक्याची भीती घातली की खऱ्या धोक्याकडे लक्ष राहत नाही.

म्हणून पाणमोट फुटल्याची शंका येताच त्या स्त्रीने आणि घरच्यांनी प्रथम घड्याळ पाहावे आणि वेळ लिहून ठेवावी. स्वच्छ पॅड लावावे, म्हणजे रंग, वास आणि प्रमाण कळते. आत काहीही घालू नये, संबंध टाळावा, आणि घरी कोणाकडूनही आतून तपासणी करून घेऊ नये. बाळ हलते आहे का याकडे लक्ष द्यावे. कळा नसल्या तरी त्याच वेळी रुग्णालयाला कळवून तिथे जावे. कळांची वाट पाहत रात्र काढू नये. सदतीस आठवडे पुरे नसतील, पाणी हिरवट, तपकिरी वा रक्तमिश्रित असेल, दुर्गंधी असेल, ताप असेल, बाळाची हालचाल मंदावली असेल किंवा बाळ आडवे वा पायाळू आहे असे आधी सांगितलेले असेल, तर क्षणाचाही विलंब नको. नाळ बाहेर दिसली वा हाताला लागली, तर गुडघे आणि छाती टेकवून, कंबर उंच ठेवून राहावे आणि १०८ ला फोन करावा. नाळ आत ढकलण्याचा प्रयत्न करू नये. जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात नेण्याची वाहनसोय २०११ पासून विनामूल्य आहे. इतके एका परिच्छेदात मावते. हेच नऊ महिन्यांच्या तपासण्यांत प्रत्येकीला एकदा तरी शांतपणे सांगितले जाते का, असे विचारले की बहुतेक बाह्यरुग्ण विभाग गर्दीकडे बोट दाखवतात.

रुग्णालयात पोचल्यावरचा वाद वेगळा आहे, आणि तिथे दोन्ही बाजूंना आरसा दाखवावा लागतो. एक बाजू म्हणते: पाणी गेले, आता सिझेरियनच. या म्हणण्याला पुराव्याचा आधार नाही. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टर्मप्रॉम’ चाचणीत सहा देशांतील ५,०४१ स्त्रियांची चार गटांत विभागणी केली होती. काहींच्या कळा लगेच सुरू केल्या, काहींना वाट पाहू दिली. सिझेरियनचे प्रमाण चारही गटांत दहा टक्क्यांच्या आसपास राहिले. पाणी जाणे हे कळा सुरू करण्याचे कारण आहे. ते आपोआप शस्त्रक्रियेचे कारण होत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, म्हणजे २०१९–२१ मध्ये, भारतातील खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. खासगीत जाणाऱ्या स्त्रिया वयाने, वजनाने, आर्थिक स्थितीने वेगळ्या असतात, हे मान्य करूनही तिपटीहून मोठी ही दरी गर्भाशयाच्या जीवशास्त्राने भरून निघत नाही. ‘पाणी गेलेय, बाळाला धोका आहे’ हे वाक्य घाबरलेल्या कुटुंबासमोर उच्चारले की संमतिपत्रावर सही व्हायला वेळ लागत नाही.

दुसरी बाजू म्हणते: निसर्गावर सोडा, कळा येतील. त्यांचे निम्मे खरे आहे. दिवस भरलेल्यांपैकी बहुतेकींना चोवीस तासांत कळा सुरू होतात, आणि बाळाच्या संसर्गाच्या प्रमाणात ‘टर्मप्रॉम’च्या गटांत ठळक फरक दिसला नाही. पण त्याच चाचणीत आईच्या गर्भवेष्टनाचा संसर्ग ऑक्सिटोसिनने लगेच कळा सुरू केलेल्या गटात ४ टक्के, आणि वाट पाहणाऱ्या संबंधित गटात ८.६ टक्के होता. शिवाय ती वाट पाहिली गेली ती कॅनडा, ब्रिटन, स्वीडन अशा देशांत. तासाभराच्या अंतरावर भूलतज्ज्ञ नाही अशा तालुक्यातल्या चोवीस तासांना त्या चोवीस तासांचे माप लावणे हा विज्ञानाचा आदर नव्हे.

इथेच खरी खोच आहे. त्या सहा देशांत भारत नव्हता, आणि भारतातील जंतू तिथले नाहीत. पाश्चात्त्य मार्गदर्शिका ज्या जंतूभोवती रचल्या गेल्या आहेत तो म्हणजे आईच्या शरीरात वसणारा ‘ब’ गटाचा स्ट्रेप्टोकॉकस. दिल्लीच्या तीन रुग्णालयांत जन्मलेल्या ८८ हजारांवर बाळांच्या अभ्यासात, जो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, नवजात जंतुदोषामागे प्रामुख्याने सापडले ते ॲसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला आणि ई. कोलाय, त्यांतले अनेक बहुऔषधरोधी. पहिल्या तीन दिवसांत झालेल्या संसर्गाचे आणि नंतरच्या संसर्गाचे जंतूही जवळपास सारखेच होते. याचा सरळ अर्थ असा निघतो की या बाळांना मिळालेले जंतू बऱ्याच अंशी प्रसूतिकक्षाच्या आणि नवजात कक्षाच्या परिसरातले असावेत. मग पाणमोट फुटलेल्या स्त्रीच्या वारंवार होणाऱ्या आंतरतपासण्यांकडे कसे पाहायचे? ‘टर्मप्रॉम’च्याच पुढील विश्लेषणात आईच्या संसर्गाशी सर्वांत घट्ट नाते दिसले ते अशा तपासण्यांच्या संख्येचे. तिथले हात धुतलेले होते, मोजे निर्जंतुक होते, तरीही. शिकाऊ डॉक्टर, निवासी डॉक्टर, परिचारिका आणि पुन्हा निवासी डॉक्टर अशी एकामागून एक होणारी तपासणी ही आपल्या शिकवण्याच्या रुग्णालयांतली रूढी आहे. ती रूढी मोजलीही जात नाही, कारण तपासण्यांची संख्या कोणाच्या कामगिरीच्या तक्त्यात येत नाही.

तपासण्या कमी करण्याऐवजी प्रतिजैविक वाढवणे सोपे पडते. दिवस भरलेल्या स्त्रीला केवळ पाणमोट फुटली म्हणून सरसकट प्रतिजैविक देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अकाली फुटली तर द्यावे, पण ॲमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची जोडगोळी देऊ नये. कारण ठाऊक आहे. ४,८२६ स्त्रियांवरील ‘ओरॅकल’ चाचणीत, २००१ मध्ये, ही जोडगोळी मिळालेल्या मातांच्या बाळांत आतडे सडण्याचा आजार १.९ टक्के दिसला, न मिळालेल्यांत ०.५ टक्के. प्रतिजैविकरोधाच्या राष्ट्रीय चर्चेत कुक्कुटपालनाचा उल्लेख नेहमी होतो. प्रसूतिकक्षातल्या ‘एक द्या लावून’चा क्वचितच.

जनावरांवरून आठवले. कळा सुरू करणारे ऑक्सिटोसिन भारतात राष्ट्रीय बातमी झाले ते २०१८ मध्ये, आणि झाले ते म्हशींमुळे. दुभत्या जनावरांवरील गैरवापर थांबवण्यासाठी केंद्राने खासगी कंपन्यांच्या देशांतर्गत उत्पादनावर बंदी घातली आणि सारा पुरवठा एकाच सरकारी कंपनीवर सोपवला. बाळंतपणातला रक्तस्राव थांबवणारे हे अत्यावश्यक औषध आहे, तुटवडा झाला तर माता दगावतील, हे सांगायला आरोग्य क्षेत्रातल्या लोकांना न्यायालयात जावे लागले. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ती अधिसूचना रद्द केली. प्रसूतिकक्षाचा विचार धोरणात किती उशिरा येतो, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळण्यासारखा नाही. याद्या आणि नोंदी वाढवून मृत्यू कमी होतात का? उत्तर प्रदेशातील १२० केंद्रांत, दीड लाखाहून अधिक प्रसूतींवर झालेल्या ‘बेटरबर्थ’ चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. तपासणी-यादी आणि तिच्यासाठीचे प्रशिक्षण यांनी कर्मचाऱ्यांचे वर्तन सुधारले; माता आणि नवजातांचे मृत्यू व गंभीर आजार मात्र घटले नाहीत. वेळ लिहिली म्हणून जंतू मरत नाहीत, हे खरेच. पण त्या निष्कर्षातून ‘यादी व्यर्थ’ असे काढणारे लोक पुढचा प्रश्न विचारत नाहीत: यादीने धोका दाखवल्यावर जे करायचे ते करण्याजोगे तिथे काय होते? रक्त, शस्त्रक्रिया, नवजात कक्ष, एक जागा ज्ञात धोक्याच्या बाईला वेळेत हलवण्याची? निदान आणि उपचार यांच्यामधला पूल नसेल, तर निदानाला दोष देऊन भागत नाही. गडचिरोलीत अभय बंग आणि सहकाऱ्यांनी गावातल्या आरोग्यसेविकांच्या हाती निदानाबरोबर जेन्टामायसिनही दिले होते, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे दाखवले होते. तिथे ओळखणारा हात आणि उपचार करणारा हात एकच होता.

२०१९–२१ मध्ये देशात ८८.६ टक्के प्रसूती संस्थांत झाल्या, आणि हा आकडा प्रत्येक भाषणात येतो. तो मोजतो दरवाजा. पाणमोट फुटण्यापासून दरवाज्यापर्यंतचे तास आणि दरवाज्यापासून बाळाच्या पहिल्या श्वासापर्यंतचे तास तो मोजत नाही. २०२० मध्ये भारतात सुमारे ३० लाख बाळे अकाली जन्मली, जगातील अशा जन्मांच्या एक पंचमांशाहून अधिक. आणि तरीही दिवस भरलेल्या भारतीय स्त्रीची पाणमोट फुटल्यावर, भारतीय जंतूंच्या सान्निध्यात, जिल्हा रुग्णालयाच्या साधनांनी, किती तास थांबणे सुरक्षित आहे, याचे मोठे भारतीय उत्तर ‘टर्मप्रॉम’च्या तोडीच्या चाचणीने दिलेले नाही. ‘गर्भिणी’साठी हजारो स्त्रियांचा अभ्यासगट उभा करणारा देश अशी चाचणी करू शकतो. नागपूर आणि बेळगावची केंद्रे दशकभर आंतरराष्ट्रीय चाचण्या पेलत आली आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲझिथ्रोमायसिनच्या मोठ्या चाचणीतही ती होती. क्षमता आहे, प्रश्न प्रतिष्ठित मानला गेलेला नाही.

तोवर एक अगदी क्षुल्लक वाटणारी गोष्ट मागता येईल. गरोदर स्त्रीला मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर धोक्याच्या चिन्हांत कळांविना पाणमोट फुटण्याचे चित्र आहे. त्या चित्राशेजारी एक ओळ रिकामी सोडावी: पाणी गेल्याची तारीख आणि वेळ. आणि प्रसूतीच्या केसपेपरवर तिच्याखाली आणखी एक: आतापर्यंत झालेल्या आंतरतपासण्या, संख्या आणि प्रत्येकीपुढे सही.